काढलेला बॅकअप

रविराज खुर्चीवर टेकलाच नाही. संत तुकाराम नगरातल्या डिटेक्टिव्ह मिनलच्या छोट्या ऑफिसात तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होता.

एका कारखान्यातून निवृत्त होऊन मिनलच्या हाताखाली आलेले उद्धवराव सकाळीच दाढ काढून आले होते. गालाला रुमाल लावून ते ऐकत होते, निम्मंच कळत होतं. चाकणला रविराजचा साच्यांचा कारखाना. सगळी ड्रॉइंग क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कॉम्प्युटरवर. गुरुवारच्या सुट्टीत ते मशीन बिघडलं. शुक्रवारी बॅकअप बघावेत, तर एकही शिल्लक नाही. नोंदीत पुसणाऱ्याचं नाव मात्र होतं. संघर्ष.

“कॉम्प्युटर तोच सांभाळतो. नुकताच राजीनामा दिलाय. संध्याकाळी पोलिसांत देतो त्याला.”

“मग माझ्याकडे कशाला आलात?” मिनल म्हणाली.

रविराज थबकला. “माझ्या घरी जेवलाय तो, ताई. खात्री करून हवी.”

चाकणच्या रस्त्यावर कंटेनरमागून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. उद्धवरावांच्या डोक्यात जातं फिरत होतं. वरून घास घालावा, खाली पीठ पडेना.

संघर्षला गेटबाहेरच थांबवून ठेवलं होतं. त्याचा एकच धोशा होता. पुसलेले बॅकअप काही दिवस तिथंच पडून राहतात, ती सोय त्यानंच करून ठेवलीय, मुदत आज संपते, एकदा खातं उघडू द्या. रविराजला तो पुरावे पुसायचा बहाणा वाटत होता.

“पासवर्ड कुणाकडे?” मिनलनं विचारलं.

“माझ्या नावाच्या लॉगिनचा एकच. साहेब, मी, दिव्या, तिघंही तोच वापरतो. वेगवेगळे करा म्हणून सांगून थकलो.”

ड्रॉइंग सांभाळणाऱ्या दिव्याचा चेहरा उतरलेला होता. क्लाउडवरची जागा भरत आली म्हणून साहेब रोज ओरडत होते, असं तिनं सांगितलं. बुधवारी निघताना त्यांचा फोन आला.

“म्हणाले, सुट्टीआधी सगळे बॅकअप काढ. मी लगेच काढले, चहा गार व्हायच्या आत.”

गुणाची पोर, उद्धवरावांना वाटलं. मिनल मात्र उठून थेट रविराजच्या केबिनमध्ये गेली. दिव्यालाही तिनं बरोबर घेतलं.

“उद्धवराव, सकाळी काय काढलंत?”

“दाढ.”

“आता कुठंय?”

“डॉक्टरच्या बादलीत.”

“आणि फोटो काढला, तर?”

“फोटो ऱ्हातो की.”

“रविराजभाऊ, तुम्ही फोटोसारखे काढायला सांगितलेत, हिनं दाढेसारखे काढले. जागेवरून तुमची रोजची ओरड, तिला तोच अर्थ लागला. अख्ख्या मशीनचा बॅकअप घ्यायला वेळ लागतो. पुसायला लागत नाही, म्हणून चहा गरम राहिला. नाव संघर्षचं आलं, कारण किल्ली एकच. आणि ज्याला पुसायचंय, तो परत मिळायची सोय आधी कशाला करून ठेवेल?”

दिव्यानं तोंड ओंजळीत लपवलं. रविराज स्वतः गेटवर जाऊन संघर्षला आत घेऊन आला.

खातं उघडलं. पेरलेलं उगवून यावं तसे बॅकअप एकेक करून वर आले. संघर्षनं तिथल्या तिथं साहेबांना बजावलं. एक प्रत दुसऱ्या खात्यात ठेवायची, ज्याची त्याला वेगळी किल्ली, आणि दर महिन्याला बॅकअपवरून मशीन उभं करून बघायचं. बरणी न उघडता लोणचं टिकलंय म्हणू नये.

“बरं, आता नवा बॅकअप काढ…” रविराजनं जीभ चावली. “घे. बॅकअप घे. आणि तुझा तो राजीनामा मी फाडून टाकतो.”

“फाडा, साहेब,” संघर्ष म्हणाला. “त्याचा बॅकअप आहे माझ्याकडे.”