खाजणातली बाई कशी दिसते

"चहा आधी, की डोक्यावर टोप आधी?" प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून कुमुद रेगे यांनी विचारलं.

"आधी चहा, ताई," निषाद टिपणीस म्हणाला आणि स्वतःच कप आणायला धावला. आता हा माणूस पन्नाशीचा, मेंदूविज्ञानात नाव कमावलेला, पाषाणच्या या प्रयोगशाळेचा प्रमुख. पण कुमुदताई समोर आल्या की त्याचा अजून कॉलेजातला पोरगा व्हायचा. बशीत चहा सांडला तो सांडलाच.

ताईंबरोबर ठाण्याहून त्यांचे जुने वाचक बापू घरत आले होते. त्यांच्याच गाडीतून ताई आल्या. बापूंच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं, त्यामुळे त्यांना आतल्या यंत्रघरात मज्जाव होता. ते बाहेरच्या खोलीत पेरू कापत बसले. "आत काय दिव्य दाखवतोस ते दाखव," ते निषादला म्हणाले, "पण बाईंना दमवू नकोस. नाहीतर गाठ माझ्याशी आहे."

निषादला या भेटीतून एकच गोष्ट हवी होती: ताईंनी पुन्हा लिहायला लागावं. भयकथा लिहिणारे पुष्कळ असतील, पण 'खाजणातली बाई' वाचून घराघरातल्या माणसांनी मोरीचा दिवा रात्रभर चालू ठेवला, तसं दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती बाई चिखलानं माखलेल्या पायांनी कथानायक माधवच्या दारात येऊन उभी राहते, कडीला हात घालते, आणि पुस्तक संपतं. तेव्हापासून वाचक तिसऱ्या भागासाठी जीव टांगून बसले होते. आणि गेल्या आठवड्यात ताईंनी वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या: तिसरा भाग येणार नाही, मी लेखन थांबवत आहे. झालं! निषादनं त्याच दिवशी फोन केला. ताई, तुम्ही तुमचा मनोपट अजून एकदाही पाहिलेला नाही. एकदा या, पाहा, मग काय ते ठरवा.

मनोपट ही निषादची निर्मिती. तिचं मूळ मात्र प्रयोगशाळेत नव्हतं, ते होतं भांडणात. ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर हिवाळ्यात ताईंच्या वाचकांचा मेळा भरायचा. त्याला म्हणायचे भयकट्टा. तिथं कौतुक कमी आणि कडाकडा भांडणं जास्त. पुस्तकावर नाटक आलं, मालिका आली, पुढं सिनेमा आला, आणि प्रत्येक वेळी कट्टा पेटला. मालिकेतली बाई म्हणजे नाईट ड्युटीवरची नर्स वाटते, असं डोंबिवलीच्या पाळंदेबाई म्हणायच्या. सिनेमात तिला पांढरी साडी नेसवली, तेव्हा तर बापूंनी वड्याची बशी बाजूला सारून आवाज लावला होता. "खाजणात कधी पाय तरी घातलाय का त्या दिग्दर्शकानं? गुडघाभर चिखलात पांढरं लुगडं राहील? तिचं लुगडं मातकट आहे, आणि समोरचा दात किडलेला आहे!"

"दात किडलेला कुठं लिहिलाय?" निषाद उसळायचा.

"तिचं हसणं नेहमी मिटल्या ओठांतून ऐकू येतं ना? मग? चांगले दात असलेली बाई कशाला ओठ मिटेल?"

"अहो, ती लाजते म्हणून मिटते! तिचे डोळे बघा, खाली झुकलेले असतात."

"झुकलेले नाहीत, ती पायाखालचं पाणी बघते. भरती कुठवर आली ते बघते!"

असं तासन् तास चालायचं. चहा गार व्हायचा, वाचनालयाचा शिपाई दिवे मालवायची धमकी द्यायचा. आणि ज्यांच्यामुळे हे रण माजायचं त्या कुमुदताई शेवटच्या रांगेत शेंगदाणे खात गप्प बसलेल्या असायच्या. कुणी विचारलंच, "ताई, तुम्हीच सांगा, ती खरी कशी दिसते?" तर हसून म्हणायच्या, "तुमचं चालू द्या."

निषाद दर वर्षी त्या मेळ्यातून धुसफुसत घरी जायचा. आपल्याला ती बाई इतकी लख्ख दिसते आणि हे सगळे तिला विद्रूप करतात, याचा त्याला मनापासून त्रास व्हायचा. त्या त्रासातूनच एके दिवशी त्यानं आपल्या सहकारी डॉ. शाहीन मुजावर यांना विचारलं होतं, की माझ्या डोक्यातला सिनेमा मला बाहेर काढून बघता येईल का?

"बाहेर नाही," शाहीन म्हणाल्या होत्या. "आतल्या आतच. वाचताना चित्र उमटतं ते मेंदूच्या मागच्या भागात. उघड्या डोळ्यांनी पाहतो तेव्हाही तोच भाग जागा असतो. फरक एवढाच, की वाचताना सगळं मंद आचेवर चाललेलं असतं."

"मग आच वाढवायची."

"वाढवता येईल. वाचताना कुठल्या पेशी कुठल्या क्रमानं जाग्या झाल्या ते टिपायचं आणि मग त्याच पेशी त्याच क्रमानं जोरात जागवायच्या. माणसाला समोर सिनेमा चालू आहे असंच वाटेल. पण ते चित्र काय आहे, हे तुला मला कधीच कळणार नाही. प्रत्येक मेंदूची लिपी वेगळी. ज्याचं त्यालाच दिसणार."

"हरकत काय आहे?"

"अजून एक. दर खेपेला ते चित्र पक्कं होत जाईल. रोज चालून पायवाट होते, तसं. मग ते बदलायचं म्हटलं तरी बदलणार नाही."

"न बदलेना का! बरोबर असलेलं चित्र बदलायचं कशाला?" निषाद म्हणाला होता. आज ते वाक्य कुणी त्याला ऐकवलं, तर तो कान झाकून घेईल.

मनोपट आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुस्तकासोबत बिंबटोप भाड्यानं मिळू लागला. तो डोक्यावर चढवून आधी वाचायचं, मग डोळे मिटून बघायचं. कुमुदताईंनी परवानगीच्या कागदावर हसत सही केली होती. रूपांतर बिघडवलं अशी तक्रार मुळापासून संपली, कारण बिघडवायला मध्ये कुणी उरलाच नव्हता. पूर्वी ताईंना वाचकांची पत्रं यायची ती पानंच्या पानं, रागानं थरथरणारी. आता यायचा एकच मजकूर: छान, अगदी मनासारखं.

आणि कट्टा? पहिल्या वर्षी माणसं आली, वडे खाल्ले, एकमेकांना विचारलं, "पाहिलात का?" उत्तर आलं, "पाहिला, मस्त." पाळंदेबाईंनी आपली बाई हिरव्या लुगड्यात असल्याचं सांगितलं. एरवी यावर मारामारी झाली असती. "असेल तुमची तशी," शेजारचे गृहस्थ गोड हसून म्हणाले आणि मोबाईल काढून बसले. पुढच्या वर्षी मोजकी डोकी होती. त्यानंतर वाचनालयानं ती खोली योगवर्गाला दिली. निषादला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माणसं समाधानी आहेत म्हणून येत नाहीत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

चहा झाला. ताईंनी स्वतःच्याच पुस्तकाचं शेवटचं प्रकरण टोप चढवून, यंत्रासमोर बसून वाचलं. शाहीननी टिपण पूर्ण झाल्याची खूण केली. मग ताई आरामखुर्चीत मागं रेलल्या, त्यांनी डोळे मिटले आणि निषादनं कळ दाबली.

चित्राचा जोर दाखवणारी पडद्यावरची रेघ हललीच नाही.

"तार सुटली असेल," निषाद म्हणाला. तार जागेवर होती. शाहीननी टोप बदलला, पुन्हा वाचून घेतलं, पुन्हा कळ दाबली. रेघ आडवी ती आडवीच. शेवटी निषादनं स्वतःचं जुनं टिपण लावलं आणि तो टोप आपल्या डोक्यावर चढवून पाहिला. तत्क्षणी ती बाई दारात उभी राहिली, कडीला हात घातलेली, आणि रेघ उंच उसळली. यंत्र ठणठणीत होतं.

"ताई, काय दिसलं?"

"अंधार," ताई शांतपणे म्हणाल्या. "रोज डोळे मिटल्यावर असतो तोच."

शाहीन दुसऱ्या पडद्याकडे बघत होत्या. "निषाद, ऐकण्याचा भाग बघ, नुसता पेटलाय. पण चित्रांचा भाग निजलेला आहे. अशी माणसं असतात. शंभरात एखाददुसरं. त्यांच्या मनात चित्र उमटतच नाही, जन्मापासून. तिथं वाढवायला आचच नाही."

निषाद ताईंकडे बघतच राहिला. समीक्षकांनी याच बाईंच्या संयमाची केवढी वाखाणणी केली होती! रेगेबाई चेहरा दाखवत नाहीत, नुसती ओल्या पावलांची चाहूल देतात, हीच त्यांची कला, वगैरे वगैरे.

"लहानपणी मला वाटायचं, डोळ्यांसमोर उभं राहतं हे लोक उगीच म्हणतात, बोलायची पद्धत म्हणून," ताई म्हणाल्या. "पहिलं पुस्तक लिहिलं ते नुसतं ऐकून. चिखलात पाऊल रुततं, चुबुक करून वर येतं. ती बाई मला ऐकू यायची. दिसायची नाही. मग कट्टा सुरू झाला. तुम्ही भांडायला लागलात आणि मला ती दिसायला लागली. म्हणजे, माझ्या परीनं. बापूंनी किडका दात काढला, तू लाजणं काढलंस. मी घरी जाऊन विचार करायचे, किडका दात असलेली, लाजणारी, भरतीवर लक्ष ठेवणारी बाई दारात आली तर काय करील? सगळा दुसरा भाग त्यातून आला रे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"लेखिकेला काही दिसत नाही म्हटल्यावर तुम्ही भांडलाच नसतात. मला लाज वाटायची." टोपानं विस्कटलेले केस त्यांनी सारखे केले. "सहीही मीच केली ना. म्हटलं, माझ्यासाठी डोकं फोडून घेतात बिचारी, एकदाची सुखी होऊ देत. आता तिसऱ्या भागात ती कडी उघडते आणि माधव पहिल्यांदा तिचं तोंड बघतो. मी तिथंच अडकलेय. पत्रात सगळे लिहितात, छान, मनासारखं. त्यात मी काय बघू?"

ज्या लेखिकेसाठी निषादनं हे सगळं उभं केलं, तिचेच डोळे त्यानं काढून घेतले होते, आणि वर तिलाच बघायला बोलावलं होतं.

"ताई, मी सांगतो ना! बसा, आत्ता सांगतो."

"एकट्यानं सांगून होत नाही. एकटा माणूस वर्णन करतो, संपतं. दुसऱ्यानं खोडून काढलं, की चिडून परत आत जाऊन नीट बघून येतो. मला ते परत जाऊन आणलेलं लागतं."

"मग बापू आहेत की!" निषाद जवळजवळ ओरडलाच. खरंच, छातीतल्या यंत्रामुळे टोप कधीच न घातलेला, चित्र पक्कं न झालेला एक वाचक बाहेरच्या खोलीत पेरू खात होता. यंत्र बंद केलं, बापूंना आत घेतलं, दोघांनी समोरासमोर खुर्च्या मांडल्या. हकिकत कळताच बापूंनी बाह्या सरसावल्या. इतक्या वर्षांची भूक होती त्यांना.

"हे बघ," बापू म्हणाले, "कडी उघडते तेव्हा ती माधवकडे बघतच नाही. तिचं तोंड सुजलेलं आहे, पाण्यात राहून. एक डोळा पुरता उघडत नाही. आणि ती हसते. किडका दात दाखवून, पहिल्यांदा. बोल!"

निषादनं मनात पाहिलं. त्याची बाई तिथं होतीच, लख्ख, स्थिर. तोंड सुजलेलं नव्हतं, दोन्ही डोळे उघडे होते. बापूंचं साफ चुकत होतं. एके काळी एवढ्यावर तो टेबलावर मूठ आपटून उभा राहिला असता. त्यानं राग शोधला. सगळीकडे शोधला.

"हो," तो म्हणाला, "तुमची असेल तशी."

"असेल तशी? अरे, मी म्हणतोय तोंड सुजलंय!"

"माझी नाही सुजलेली. पण... ठीक आहे ना बापू. दोन्ही असू शकतं."

"पांढरी साडी आहे तिला!" बापू खुर्चीतून अर्धे उठले. "ऐकतोयस का? पांढरी, इस्त्रीची! डोळ्यांत तांबडे दिवे! आता तरी बोल की! भांड ना रे!"

बापूंचा आवाज चिरकला. निषादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडायची त्याची मनापासून इच्छा होती. पण ज्याला खात्री आहे त्यानं कशासाठी भांडायचं? कुणी काहीही म्हणालं, तरी त्याच्या बाईच्या केसालाही धक्का लागत नव्हता.

ताईंनी बापूंच्या हातावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मग आपली खुर्ची निषादच्या अगदी जवळ ओढली.

"राहू दे भांडण," त्या म्हणाल्या. "तुझी तरी सांग. कशी आहे ती?"

ती त्याच्यासमोर उभी होती. पापणीचा केस न् केस दिसत होता. इतक्या वर्षांत ती कुणाला पटवून द्यायची वेळच आली नव्हती; तिच्यासाठी शब्द शोधायची सवयच मोडली होती. त्यानं तोंड उघडलं.

"छान आहे, ताई," तो म्हणाला. "खूप छान आहे."

ताई पुढं झुकून, कान देऊन थांबल्या होत्या.