चढत्या पायांची झीज

लीड्समधल्या पाद्र्यांच्या त्या जुन्या घराचा जिना क्लिफ ऑगडेनने इस्टरच्या आधी नवा केला. लाल विटांच्या दोन भिंतींत दाबून बसवलेला अरुंद जिना, टोकदार खिडकीपाशी वळणारा. वर एका ओळीत चार खोल्या. पूर्वी तिथे चार पाद्री राहायचे; आता कोणीच नाही. चौदा पायऱ्या, आणि प्रत्येकीचा दगड क्लिफने खाणीवर जाऊन, वाजवून निवडलेला.

काम संपल्यावर अकराव्या दिवशी फादर लँबर्टने त्याला बोलावून घेतलं. पायऱ्यांना खळगे पडले होते.

"मऊ दगड गळ्यात मारलास, ऑगडेन. बिशपकडे पत्र जाणार. यापुढे एकाही चर्चचं काम तुला मिळायचं नाही."

तीस वर्षं क्लिफची चूल त्याच कामांवर पेटत होती. या पांढऱ्या कॉलरवाल्यांची खोडच ही: छत गळलं तर देवाची इच्छा, दगड झिजला तर गवंडी चोर.

"फादर, या दगडाने माझ्या सहा छिन्न्या खाल्ल्या. इथे नाचतंय कोण, ते आधी सांगा."

"घराला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे."

"मग नाचणारे तुम्हीच."

फादर हसला नाही.

फादरनेच घासणी फिरवली असणार, असं मनाशी म्हणत क्लिफ गुडघ्यांवर बसला. पण एक ओरखडा नव्हता. दगड साबणासारखा गुळगुळीत. अशी झीज फक्त बुटांच्या तळव्यांची. आणि उतरणारा माणूस पायरीची कड झिजवतो, चढणारा आतली बाजू. इथे चौदाही कडा बोट कापेल इतक्या धारदार होत्या.

आपल्या वखारीत जाऊन त्याने काढून टाकलेल्या जुन्या पायऱ्या उलटवून पाहिल्या. दीडशे वर्षांचे खोल खळगे. कडा धारदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फादरला घेऊन परत आला आणि एकटाच वर गेला. तिसऱ्या खोलीच्या बंद दारासमोर फरशीत दोन नवे खळगे होते. दोन पावलांचे.

टाचा दाराकडे होत्या.

त्याने सगळ्यात वरच्या पायरीची कड चाचपली. गोल. दुसरीची गोल. तिसरीची.

"काय लिहू मग?" फादर वरून मोजता पाचव्या पायरीपर्यंत चढून आला होता.

"लिहा, दगड मऊ होता. आणि खाली चला."

फादरच्या बुटाखालची कड अजून धारदार होती. चौथीवर दगडाची ताजी भुकटी पडत होती.