हसण्याचा शॉट

खडकीहून आलेल्या एका पत्राचं उत्तर दीनानाथांनी दिलं नव्हतं.

ही घडलेली गोष्ट आहे. दीनानाथ माझे थोरले मावसभाऊ. त्यांनी सांगितलं तसं लिहितो आहे. सांगताना काही निसटलं असेल, पण पदरचं काही घातलेलं नाही.

साल १९७९. गाव पुणे. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

दीनानाथ छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. माणसांत बुजायचे, पुस्तकांत रमायचे. त्यांनी एका साप्ताहिकात एका विसरल्या गेलेल्या नटीवर लेख लिहिला होता. पडद्यावर तिचं नाव कुसुम. खरं नाव हुस्नबानू. नायिका ती कधी झाली नाही. पण एका सिनेमात पायांत घुंगरं बांधून फडावर नाचली, दुसऱ्यात बूट वाजवत नर्स झाली, तिसऱ्यात खोकत खोकत सुनेला छळणारी सासू. तिन्ही बाया एकच, हे प्रेक्षकांच्या ध्यानातसुद्धा येत नसे.

लेख वाचून तिच्या मुलीचं, सकीनाबींचं पत्र आलं.

त्यांनी लिहिलं होतं, अम्मीचं शेवटचं काम प्रेताचं होतं. सिनेमावाल्यांची एक रीत असते. पडद्यावर जो मरतो, त्याला शॉट झाल्याबरोबर उठवायचं आणि कॅमेऱ्यासमोर हसायला लावायचं. तो तुकडा सिनेमात घालत नाहीत. पण अपशकुन त्यानं टळतो. त्या दिवशी नेमकी कॅमेऱ्यातली फिल्म संपली. उद्या घेऊ म्हणाले. तो उद्या आला की नाही, सकीनाबींना ठाऊक नव्हतं. अम्मी घरी आली ती गप्प, आणि महिन्याभरात गेली.

पुढचं त्यांनी असं लिहिलं होतं, "हल्ली घरात अम्मीची कामं ऐकू येतात. आधी घुंगरं. मग बूट. मग खोकला. आणि माझी रझिया दुपारी सरळ निजते, छातीवर हात ठेवून. हाका मारल्या तरी उठत नाही. रोज जरा जास्त वेळ. भाईसाहेब, तुम्ही अम्मीचा अभ्यास केला आहे. अम्मी मागाहून हसली होती का, तेवढं कळवा. हसली असेल तर माझी पोर उठेल."

दीनानाथांना आधी वाटलं, कुणीतरी फिरकी घेतंय. पुण्यात अशा लोकांना तोटा नव्हता.

मग वाटलं, खरं असेल तर?

आपण कोण सांगणार? शेवटचा सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता. पत्र तसंच राहिलं.

पावसाळा सरला आणि एका फिल्म सोसायटीनं तोच सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये लावला. रविवारी दुपारी. दीनानाथ मागच्या खुर्चीत बसले.

शेवटचा प्रसंग आला. नदीकाठ. रडणारी माणसं. कॅमेरा हळूहळू तिरडीकडे सरकला...

तिरडी रिकामी होती.

पांढरं कापड. वर झेंडूची फुलं. कापडाला मधोमध खळगा... कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा.

आणि माणसं त्या खळग्याकडे बघून रडत होती.

दिवे लागल्यावर दीनानाथांनी मशीन चालवणाऱ्या बजरंगला चाचरत विचारलं, तिरडीवर कुणी दिसलं नाही ते कसं?

बजरंग रीळ गुंडाळत म्हणाला, "काका, बाई चांगली पाच मिनिटं पडून होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि जरा उठता का? खुर्च्या उचलायच्यात."

शेजारच्या दोघांनाही बाई दिसली होती.

दीनानाथांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. पण मनात एकच घोळत राहिलं. ती उठली असेल... तर गेली कुठे?

त्यांना घरी जाववेना. लोकल धरून ते खडकीला उतरले. पत्रावरचा पत्ता विचारत दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्सपाशी आले.

दाराला कुलूप होतं.

ते परत फिरणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

छुम... छुम...

रेडिओ असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग बूट. टक... टक... दारापर्यंत आले. थांबले.

मग खोकला. म्हातारा, कोरडा. पण हा खोकला मुद्दाम काढलेला होता. तरुण बाईनं म्हातारीचा काढावा तसा.

मग खाट करकरली. कुणीतरी आडवं झालं.

सगळं शांत. दीनानाथांना आपलाच श्वास ऐकू येत होता.

आणि मग... आतून कुणीतरी हसलं.

भयंकर नाही. लहानसं, ओशाळं. कुणी "हसा" म्हटल्यावर माणूस हसतो, तसं.

"कुलूप दिसतंय ना?" मागून आवाज आला. शेजारचे अल्लाबक्ष दारात उभे होते. "मग कान कशाला लावताय?"

आत कोण आहे, असं दीनानाथांनी विचारलं. अल्लाबक्षांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, कोण असणार? सकीना पोरीला घेऊन लोणी काळभोरला बहिणीकडे गेली. कालपासून पोर उठलीच नाही. डॉक्टर म्हणतात, नाडी ठीक आहे.

"तुम्हाला काही ऐकू आलं का?" दीनानाथांनी हळूच विचारलं.

अल्लाबक्षांनी लोणीचा पत्ता सांगितला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली. वरची. मग खालचीही.

टपाल कचेरी रविवारची बंद. स्टेशनबाहेरच्या पानवाल्याकडे एक जुनं पोस्टकार्ड मिळालं. लाकडी बाकावर बसून दीनानाथांनी पेन काढलं. आपण ऐकलं ते खरं की कानांचा खेळ? चुकीचं लिहिलं आणि पोरीचं काही झालं तर? आणि नाहीच लिहिलं तर?

शेवटी त्यांनी लिहिलं,

"सकीनाबी, उत्तराला उशीर झाला, माफ करा. आपल्या अम्मी उठल्या. हसल्याही. मी स्वतः ऐकलं. रझियाला हे मोठ्यानं वाचून दाखवा."

कुठे हसल्या, ते मात्र लिहिलं नाही. त्याच घरात मायलेकींना परत यायचं होतं.

पुण्याकडची लोकल समोर उभी होती. ती त्यांनी जाऊ दिली. उठले, आणि कार्ड लाल पेटीत टाकलं.