नोव्हेंबरातले तीन दिवस

आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेली आम्ही वीस-बावीस जणं महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. त्या महिन्याचं कॅलेंडर सगळ्यांना वाटायचं काम माझ्याकडे आहे, कारण नोकरीत सत्तावीस वर्षं रजेचा तक्ता मीच आखला. तेव्हा पट्टी, शाई आणि लाल पेन्सिल असायची. एक खाडाखोड झाली की अख्खा कागद नव्यानं. ओल्या शाईचा तो वास मला अजून आठवतो.

यंदा सून म्हणाली, "आई, किती रेघा ओढणार? एकदाच नीट बनवा, मग ते आपलं आपण चालेल."

ती शाळेत शिकवते. मलाही तिनं बाकावर बसवल्यासारखंच शिकवलं. स्प्रेडशीटमध्ये वर महिना आणि वर्ष लिहायचं, की तारखा आपापल्या वाराखाली जाऊन बसतात. दुसऱ्या पानावर सुट्ट्यांची यादी. फॉर्म्युला प्रत्येक तारीख त्या यादीत शोधतो. सापडली की चौकोन लाल. मी यादीत अकरा सुट्ट्या भरल्या आणि लहान मुलीसारखी महिने बदलत बसले.

यादीत नोव्हेंबरातली एकही सुट्टी नव्हती. तरी बारा तारीख लाल होती.

यादी पाहिली. अकराच ओळी. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तो चौकोन पांढरा केला आणि संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी बारा लाल होती आणि तेराही.

सुनेनं चष्मा पुसून फॉर्म्युला तपासला. "बरोबर आहे की. बघू, नवीनच करू." तिनं सगळं पुसून कोऱ्या पानावर पुन्हा मांडलं. नोव्हेंबर लिहिला.

बारा, तेरा, चौदा.

"आई, या तारखांचं काही आहे का?"

"छे. काय असणार?" मी म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

आमच्या विभागात एक टायपिस्ट होती. सगळे तिला टकटक म्हणायचे. मशीन बंद असलं तरी तिची बोटं टेबलावर चालूच असायची. माझी जिवाभावाची मैत्रीण. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिनं आजारी आईसाठी तीन दिवसांची रजा मागितली. बारा ते चौदा नोव्हेंबर. एका विभागातून एका वेळी एकालाच रजा, असा नियम होता. त्याच दिवसांत माझी बहीण दोन वर्षांनी माहेरी येणार होती. अर्ज माझ्या हातून साहेबांकडे जायचे. मी तिचा खणात ठेवला आणि माझा पुढे केला. तिला म्हटलं, "खूप सांगून पाहिलं गं. साहेब ऐकेनात."

तेराला दुपारी तिची आई गेली. जवळ कोणी नव्हतं.

मी चौदाला रात्री परतले, तेव्हा टकटक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तू तरी माझ्यासाठी भांडलीस." तेव्हापासून ती साहेबांना शिव्या घालते आणि माझे आभार मानते. साहेब जाऊन वीस वर्षं झाली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आहे.

सुनेच्या शाळेतला प्रिंटर फक्त काळं छापतो. मुद्दाम तिथूनच प्रती आणवल्या. लाल चौकोन नुसते करडे दिसत होते, डाग पडावेत तसे.

शनिवारी सगळ्यांनी आपापलं पान घेतलं. टकटक माझ्याशेजारीच बसली होती. आता ती एकटीच असते, आई गेली त्याच दोन खोल्यांत. पान न्याहाळत म्हणाली, "छान झालंय. हातानं आखायचीस तशी माया नाही त्यात, पण छान."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी तिला बिस्किटांची बशी पुढे केली.

बारा तारखेला सकाळी तिचा फोन आला.

"मी घरीच आहे हं," ती म्हणाली. आवाज अगदी तिशीतला. "कालपर्यंत विश्वासच बसेना. पण तू स्वच्छ लाल करून दिलंयस. तीनही दिवस."

"लाल?"

"मग काय तर. शेजारणीलाही दाखवलं."

"ऐक," मी म्हटलं, "मला तुला काहीतरी सांगायचंय. तुझा तो अर्ज मी साहेबांकडे—"

"एक मिनिट हं."

तिनं फोन बाजूला धरला. लांबून कुणीतरी काही विचारलं. शब्द कळले नाहीत. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, माझ्याहूनही म्हाताऱ्या.

"अगं, हिनंच," टकटक तिकडे वळून म्हणाली. "हिनंच मिळवून दिली रजा."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐकतेयस ना? आईला तुझे आभार मानायचेत. तिच्याकडे देते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग पलीकडे कुणीतरी मोठ्या कष्टानं घसा साफ केला.