दुसरी चिठ्ठी

सृष्टी दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा. तासभर, कधी तेवढाही नाही. एक हात तिच्या पाठीवर आणि दुसऱ्या हातात पेन. अंग इतकं आंबलेलं असतं की दोन ओळींत डोळा लागतो. पण हे लिहून ठेवायलाच हवं.

कारखान्याचा हंगाम संपला आणि गोरखला आठ दिवसांची रजा मिळाली. लग्नाआधीपासूनच त्याच्या मनात होतं, सोनईहून एकट्यानं मोटरसायकलवर निघायचं, घाट उतरायचा आणि समुद्र गाठायचा. तीन दिवस आमच्या घरात जमिनीवर नकाशा पसरलेला होता. सृष्टी त्यावर बसून बिस्कीट खायची.

रस्ते दोन. संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्यावरून कसारा घाट. नाहीतर नगर, आळेफाटा, ओतूर आणि माळशेज घाट.

"माळशेजचा रस्ता सरळ हाय," गोरख म्हणाला. "अकोल्याकडं नुसती वळणं."

"वळणं परवडली," मी म्हणाले. भाकरी तव्यावर टाकली.

का, ते त्याला माहीत होतं. माझा थोरला भाऊ, बन्सीदादा, सहा वर्षांपूर्वी माळशेजनं कल्याणला निघाला होता. तो पोचलाच नाही. गाडी सापडली, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर, स्टँडवर नीट उभी. हेल्मेट पट्ट्यानं डाव्या आरशाला अडकवलेलं, तो नेहमी अडकवायचा तसं. दरीत माणसं उतरली, आठ दिवस शोधलं. काही नाही. मला 'माई' म्हणणारं तेवढंच एक माणूस होतं.

शेवटी सासऱ्यांनी, आबांनी, वाद मिटवला. "कशाला कालवा करता? देवापुढं चिठ्ठ्या टाका. लेकरू उचलंल ती वाट."

आमच्याकडं हे सगळ्यालाच चालतं. बोअर कुठं घ्यायची, पोरीचं नाव काय ठेवायचं. एक चिठ्ठी उघडायची. दुसरी उघडायची नाही. काम फत्ते होईपर्यंत ती देवाच्या ताम्हणाखाली राहते, मग तुळशीत पुरायची.

आबांना मोतीबिंदू. गोरखचं अक्षर गोरखलाच वाचता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या.

दोन्हींवर 'अकोले' लिहिलं.

सृष्टीनं एक उचलली आणि आधी तोंडात घातली. आबा हसले. "देवानं चाखून दिलीय रं!" गोरखनं ओली चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि नकाशाची घडी घातली.

पहाटे पाचला तो निघाला. त्याच्या मोबाईलवरून त्याचा ठिपका माझ्या मोबाईलवर दिसेल अशी सोय करून गेला. "बघत बस," म्हणाला. "जीव लावून बघत बस."

साडेआठला फोन आला. "राजूरला चहा घेतोय. भजी लई भारी हाय इथली."

मी नकाशा उघडला. ठिपका आळेफाट्यावर होता. त्याला तसं सांगितलं.

"रेंज नसंल गं," तो हसला.

पुढचा फोन भंडारदऱ्याहून. मागं धरणाचा वारा घोंघावत होता. त्यानं मला पाण्याचा फोटो पाठवला. ठिपका ओतूरच्या पुढं गेला होता.

"गाडी जड चालतीय," तो म्हणाला. "एवढं सामान न्हाई माझं. मागं कुनी बसल्यावानी."

"हवा बघ टायरातली."

"बघितली."

दुपारी तो कसारा उतरला. ठिपका मात्र माळशेज घाटात, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर थांबला. मी बोटांनी नकाशा मोठा केला. तेच वळण.

तिथून तो हलला नाही. गोरख समुद्रावर पोचला, वाळूत पाय रोवलेले फोटो आले, शहाळ्याचे आले. ठिपका सात दिवस तिथंच. सृष्टीला भरवताना मी बघायची, कपडे वाळत घालताना बघायची. आबांना सांगितलं नाही. काय सांगणार? देवाला फसवलं म्हणून?

आज आठवा दिवस. अकराच्या सुमाराला अंगणात गाडी वाजली. गोरख आला होता. काळवंडलेला, ओठ फुटलेले. सृष्टी दारापर्यंत धावली आणि तिथंच थांबली. बाप काळवंडलाय, ओळखला नसेल, म्हटलं. मी तिला उचलून त्याच्याकडं दिलं, तर तिनं माझा पदर सोडला नाही.

तो आत आला. जेवला, मोबाईल बंद करून चार्जिंगला लावला आणि पलंगावर आडवा झाला. मी बाहेर जाऊन सामान सोडलं.

हेल्मेट डाव्या आरशाला अडकवलेलं होतं.

गोरख हेल्मेट कधी बाहेर ठेवत नाही. आतल्या खिळ्याला लावतो, त्यावर फडकं टाकतो. पण दमलेला माणूस. मी ते तसंच राहू दिलं.

माणूस सुखरूप आला, म्हणून ताम्हणाखालची चिठ्ठी काढली. तुळशीपाशी बसून माती उकरली. न उघडता पुरायची असते. मी उघडली.

'माळशेज.' माझंच अक्षर.

माती तशीच टाकून आत आले. सृष्टी चटईवर झोपली होती, पलंगाकडं पाठ करून. तिच्याजवळ बसले, वही घेतली आणि मोबाईल बघितला.

ठिपका वळणावर नव्हता.

लिहायला लागले तेव्हा तो नगरच्या अलीकडं होता. 'वळणं परवडली' लिहिलं तेव्हा घोडेगावात. आत्ता सोनईच्या पेठेतून आमच्या रस्त्याला लागलाय.

आबा सकाळपासून देवळात होते, आत्ताच येऊन ओट्यावर बसलेत; गोरख आल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना दिसत नाही, पण आमची गाडी ते वेशीपासून आवाजावरून ओळखतात.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "फाटक उघड गं. गोरख आला. आपलीच गाडी हाय."

गाडी तर अंगणात उभी आहे. मला इथून दिसतेय.

आता मलाही आवाज ऐकू येतोय.

मी पेन ठेवून उठायला लागले. तेवढ्यात पलंगावरून, झोपेतल्यासारखं, कुणीतरी हळू म्हणालं,

"नको उघडू, माई."