नकाराचं कारण

अक्रोडासारख्या पेकनच्या झाडाच्या फांदीला मी काठी मारली आणि टपाटप फळं पडली, ती नेमकी एका अनोळखी गोऱ्या तरुणाच्या डोक्यावर!

"अगं बाई... लागलं का?"

तो डोकं चोळत हसला. "मिस, पाहुण्यांचं स्वागत असंच करता का हो?"

मिस! अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या जॉर्जियात मळ्याबाहेरून आलेला एकही गोरा माणूस मला, एका काळ्या मुलीला, मिस म्हणाला नव्हता. आमच्या मळ्यावर मात्र तसा रिवाजच होता. काळे असोत की गोरे, काम सारखं, जेवणाचं टेबल एक आणि हाक मानाची. उत्तरेतल्या ओहायोहून आलेल्या या हॉलिसने तो रिवाज फाटकावरच शिकून घेतला होता.

पुढे शेंगा निवडताना तो हटकून माझ्यासमोर बसायचा.

"तुमचं लक्ष नाहीये," मी दटावायची.

"आहे की... शेंगांकडे नाही, एवढंच."

मेला! मला राग यायचा, आणि तो समोर नसला की त्याहून जास्त यायचा.

मग तो शनिवार आला. मी आणि हॉलिस टपाल आणायला गावात गेलो होतो. काळे-गोरे एकत्र राहतो म्हणून दुकानदार आम्हाला काही विकत नव्हतेच, मळ्याचा माल विकायच्या आमच्या रस्त्याकडेच्या टपरीवर गोळ्याही झाडून झाल्या होत्या. आणि भर रस्त्यात हा मोठ्याने म्हणाला, "मिस व्हर्निस, द्या ती पिशवी इकडे!"

मळ्यावरची सवय... निसटली जिभेवरून. सारा रस्ता गप्प झाला. न्हाव्याच्या दुकानापुढचे चौघे सावकाश उठून उभे राहिले.

रविवारी दुपारी त्या चौघांचा ट्रक आमच्या फाटकाबाहेर येऊन थांबला. आत बंदुका स्पष्ट दिसत होत्या.

"हॉलिसला आजच मागच्या वाटेने उत्तरेला पाठवू," जेवणाच्या टेबलावर वडीलधारे एमॉसकाका म्हणाले. मळ्यावर प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा. ज्याच्याविषयी निर्णय, त्याने बोलायचं नाही. आणि नकार देणाऱ्याने कारण सगळ्यांसमोर सांगायचं.

एकेकजण 'हो' म्हणत गेला. माझी आईही म्हणाली, ठामपणे. हॉलिस ताटातल्या मक्याच्या पावाकडे बघत बसला होता.

"व्हर्निस?"

एक 'हो' म्हटलं की तो वाचणार होता. मी तोंड उघडलं—

"नाही."

"कारण?"

"कारण... हॉलिस गेले तर मलाही त्यांच्यामागे जावं लागेल. आणि मला हा मळा सोडायचा नाहीये, काका. आईला सोडायचं नाहीये."

"या राज्यात तुमचं लग्न लागणार नाही," आई म्हणाली. "काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"बाहेर कोण उभे आहेत, तेही?"

"तेही."

"आणि यांना विचारलंस?"

हॉलिसने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "नियम मोडतोय, माफ करा. मी मघापासून देवाकडे एकच नकार मागत होतो, मॅडम... यांच्या तोंडून."

आई एमॉसकाकांकडे वळली. मग म्हणाली, "एमॉस, माझं 'हो' मी परत घेते." आणि बाकावर सरकून तिने माझ्या शेजारी जागा केली.

फाटकाबाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. ते परत चालले होते की आत येत होते, कळेना. हॉलिस टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ येऊन बसला, आणि मी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.