एकवीस ओळी

"दोनशे चाळीस पेलेल असा दोरा द्या. मजबूत पाहिजे."

सराफ्यातल्या पटव्यानं मान वर केली. त्याच्या मांडीवर माझ्या आईची मोहनमाळ सुटी होऊन पडली होती. ती गाठून घ्यायला मी तासभर त्या दुकानात बसून होते.

"दोनशे चाळीस क्या, बाबूजी? मोती?"

"कागद," पायरीवर उभा असलेला तो तरुण म्हणाला.

मला हसू आवरलं नाही. तो वळला. उंच, सडपातळ, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा जुना डाग. "यात हसण्यासारखं काय आहे? वही शिवायची आहे. वही चार घरं फिरली की बाजारातला दोरा तुटून जातो."

"रेशीम कागद कापतं," मी म्हणाले. "सुती घ्या आणि मेण लावा. आमचे नाना तसंच करतात."

"नाना? म्हणजे... वाचनालयाचे नाना?" तो एकदम सावरून उभा राहिला. "मी त्यांच्याकडेच तर चाललो आहे. मी बळवंत. नवीन नकलनवीस."

आणि मी हसत होते ते थांबले. कारण त्या वर्षीची कादंबरी मी लिहिणार होते, आणि माझं अक्षर माझ्या आईलाही वाचता येत नसे.

शिंद्यांच्या जुन्या राजधानीतल्या आमच्या लष्कर पेठेत मराठी वाचनालय होतं; त्याचा दर दिवाळीला एक हस्तलिखित अंक निघे. एकच प्रत. गुढीपाडव्याला कोरी वही शिवून तिची पूजा करायची, दिवाळीपर्यंत ती भरायची आणि मग ती घरोघर आठ-आठ दिवस फिरायची. माझे वडील, नाना, दरबाराच्या दफ्तरात आयुष्यभर कागद सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी या वहीलाही दफ्तराचेच नियम लावले होते. पूजा झाल्यावर एकही पान वाढवायचं नाही, फाडायचं नाही. सबंध वहीत हात एकाचाच. आणि एकही पान कोरं सोडायचं नाही.

१९५६ साल होतं. दरबार आठ वर्षांपूर्वीच गेला होता. आता मध्य भारत राज्यही जाणार आणि राजधानी भोपाळला होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाना त्याबद्दल बोलत नसत. वही मात्र त्यांनी त्या वर्षी नेहमीपेक्षा जाड शिवून घेतली, आणि त्यातली पहिली एकशेसाठ पानं मला दिली.

पहिल्या रविवारी बळवंतराव आमच्या ओसरीवर बसले. समोर कोरी वही, दौत, बोरू. नाना आत पेपर वाचत होते. दार अर्थातच उघडं.

"पानाला वीस ओळी," ते म्हणाले. "एकशेसाठ पानं. बारा प्रकरणं करा. दर रविवारी मी एक घेऊन जाईन, पुढच्या रविवारी उतरवून आणेन."

"प्रकरणं म्हणजे काय विटा आहेत, मोजून रचायला?"

"मग किती लांब असावं एक प्रकरण, लेखिकाबाई?"

मला सांगता येईना. शेवटी मी म्हणाले, "शेजारच्या सुमनताई दुपारी भांडी आवरून वाचायला बसतात आणि चार वाजता नळ येतो. तेवढ्यात संपेल एवढं."

"आणि नळ आला तरी उठू नये असं वाटलं तर?"

"तर ते चांगलं प्रकरण."

ते हसले. हसताना त्यांची नजर खाली, वहीवर असायची. मी मनातल्या मनात हिशेब केला. बारा प्रकरणं म्हणजे बारा रविवार. आषाढातच सगळं आटोपणार!

"वीस," मी म्हणाले. "वीस प्रकरणं होतील. छोटी छोटी."

"आत्ता तर सांगता येत नव्हतं नं?"

"आता सुचलं."

खरं सांगायचं तर मला कादंबरीतलं काहीच सुचलं नव्हतं. मला फक्त रविवार हवे होते. एका अनोळखी माणसाला तासभर पाहून एवढं सगळं ठरवणारी मुलगी मी नव्हते, पण ठरवून बसले होते खरी.

मग ते रविवार आले. चैत्र-वैशाखाची झळ, ओसरीवर वाळ्याचा पडदा, त्यावर मी शिंपडलेलं पाणी. ते उतरवलेली पानं उघडून वही पुढे ठेवत, मी वाचत असे. माझंच लिहिलेलं मला त्यांच्या अक्षरात शहाण्या माणसानं लिहिल्यासारखं वाटे. माझी नायिका होती छावणीतली एक मुलगी, आणि नायक होता जमीन मोजायला आलेला एक अमीन.

"सहा प्रकरणं झाली," एकदा ते म्हणाले, "ती काही बोलत का नाही?"

"तो तरी कुठे बोलतो?"

"त्याचं घर लहान आहे. आई विधवा, पगार बेताचा. तो कसा बोलेल?"

"हे मी कुठे लिहिलंय?"

बोरूचं टोक त्यांनी उगाच पुन्हा तासलं. "नाही... मला आपलं वाटलं."

शिंदे की छावनीत त्यांची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा होती, आई होती, आणि सचिवालयातली कारकुनी, हे मला नानांकडून कळलं होतं. त्या रात्री मी अमिनाला एक विधवा आई दिली.

पावसाळ्यात बरेच रविवार बुडाले. सप्टेंबरात एका रविवारी ते आले ते वही न उघडताच बसून राहिले.

"तबादल्याचा हुकूम आला आहे. तीस तारखेच्या गाडीनं सगळं दफ्तर निघणार. एक नोव्हेंबरला भोपाळला हजर."

आतून पेपराचा आवाज थांबला.

"कोणत्या महिन्याच्या तीसला?" मी विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"ऑक्टोबरच्या. आठ प्रकरणं राहिली आहेत आणि रविवार सहाच." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, मीही मोजले होते तसेच. "कमी करावी लागतील... प्रकरणं."

"लांब करू मग. वीसची अठरा होतील."

"त्यानं गोष्टीचं काही बिघडेल?"

"बिघडेल," मी म्हणाले. "पण इलाज काय?"

त्या सहा रविवारांत आम्ही फारसं बोललो नाही. बाहेर सामान बांधणं चालू होतं. टांग्यांतून ट्रंका जात होत्या, गल्लीतली दोन घरं रिकामी झाली, वाचनालयात रोज कोणीतरी पुस्तक परत करून नाव काढून घेऊन जाई. नाना त्या नावांवर स्वतः रेघ मारत. एकदा ते आईला म्हणाले, "हा अंक फिरवायला घरं तरी उरतील का गं?"

अठराव्या प्रकरणात माझा अमीन गाडीत बसून गेला आणि नायिका फलाटावर मुकाट उभी राहिली. दुसरा शेवट मला लिहवेना. जे मला स्वतःला बोलता येत नव्हतं, ते तिच्या तोंडी कसं घालणार?

शेवटच्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला, बळवंतरावांनी पुरी झालेली वही माझ्या हातात दिली. मी माझ्या वाट्याची शेवटची पानं उलटली. कादंबरी एकशेबावन्नाव्या पानावर संपली होती. पुढे आठ पानं कोरी.

"हे काय? नाना एक पान कोरं चालवून घेत नाहीत."

"हिशेब चुकला माझा."

"तुमचा? उगाच काहीतरी."

ते उठून जोडे घालू लागले. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "ओळी मोजा."

मी मोजल्या. शेवटच्या पानावर एकवीस. त्याआधीच्या पानावर एकवीस. ओळी इतक्या नेमक्या बसवल्या होत्या की सहा महिन्यांत मला जाणवलं नव्हतं.

"केव्हापासून?"

"पहिल्या पानापासून." आता ते वळले. कान लाल झाले होते. "मला वाटलं, तुम्हाला शेवटी एका प्रकरणाची जागा कमी पडेल. मी दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवणारा माणूस, अनसूयाबाई. माझ्यानं आपलं म्हणून एक ओळ लिहवत नाही. भोपाळला राहायला अजून छप्परही नाही... कोणत्या तोंडानं लिहू? पण जागा... जागा तर ठेवू शकत होतो."

मला म्हणायचं होतं, थांबा. मी म्हणाले, "प्रवासात पाणी बरोबर ठेवा."

ते मान हलवून निघून गेले. माझ्या नायिकेसारखीच मी ओसरीवर मुकाट उभी राहिले, आणि मला तिची आणि स्वतःची चीड आली.

मंगळवारी सकाळी गाडी सुटायच्या वेळेला मी वही उघडली. बोरू घेतला, माझा, आणि एकशेत्रेपन्नाव्या पानावर माझ्या गिचमिड अक्षरात एकोणिसावं प्रकरण लिहिलं. ते एकाच पानाचं झालं. त्यात ती मुलगी अमिनाला सांगते की, दोन खोल्या पुष्कळ झाल्या, एक खोलीही चालेल, आणि विचारायचं राहून गेलं ते तिच्या बाजूनं केव्हाच ठरलं आहे. खाली मी लिहिलं: 'पुढची सात पानं बळवंतरावांच्या हातची आहेत. ती त्यांनी भरावीत. — अनसूया.'

दिवाळीनंतर ही वही सगळ्या लष्करात फिरणार होती. सुमनताई वाचणार होत्या, नानांचे जुने सोबती वाचणार होते. आणि सगळ्यांच्या आधी वाचणार होते नाना.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांनी चष्मा पुसला आणि वही पाटावर ठेवण्यापूर्वी नेहमीसारखी पान-पान तपासली. मी दारात उभी. एकशेत्रेपन्नाव्या पानावर ते थांबले. बाहेर कोणीतरी फटाका लावला तरी त्यांनी मान वर केली नाही.

"दोन हात लागलेत वहीला," शेवटी ते म्हणाले.

"हो, नाना."

"सात पानं कोरी."

"हो."

"हे अक्षर जरा तरी सुधारायचंस, अनू."

माझ्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. त्यांनी वही मिटली, पाटावर ठेवली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. मग आईला हाक मारून जुन्या रेशमी धोतराचा धडसा तुकडा मागितला आणि वही त्यात नीट बांधली, दरबाराचे कागद बांधत तशी.

"अपुरा अंक मी घरोघर पाठवणार नाही," ते म्हणाले. "आणि असला कागद टपालानं धाडायची माझी रीत नाही. भाऊबीज झाली की मी स्वतः भोपाळला नेतो. मुलाची आईही तिथेच असेल, नाही का?"

ते गेले आणि नवव्या दिवशी परत आले. मी त्यांचं सामान घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी आधी वही दिली. सातही पानं भरली होती, त्याच देखण्या अक्षरात. मी वाचण्याआधी ओळी मोजल्या.

पानाला वीसच होत्या.